शनिवारचा एक तास : माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका,

सप्रेम नमस्कार.

जून लागला. वर्गवाटणी, पुस्तकवाटप, वेळापत्रक, नवे प्रवेश या धांदलीत तुमच्या टेबलावर वार्षिक नियोजनाची वही उघडी असेल. तिच्यात डिसेंबरच्या पानावर बहुतेक शाळांत एक ओळ ठरलेली असते : '3 डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन, अंधशाळेस भेट.' हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. शाई वाळायच्या आत ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून आजच लिहायला घेतलं.

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. अंध मुलींच्या निवासी शाळेत वाढले, शिकले आणि गेली सोळा वर्षं तशाच एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. तुमच्या त्या भेटी मी आधी रांगेत बसून खाऊ घेणारी मुलगी म्हणून अनुभवल्या, आता रांग लावणारी बाई म्हणून अनुभवते.

गेल्या डिसेंबरातली भेट सांगते. सकाळी बस आली. साठेक मुलं उतरली, बुटांच्या आवाजावरूनच कळलं की त्यांना दोन-दोनच्या रांगेत आणलंय. आमच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. पाहुण्या शाळेच्या सरांनी भाषण केलं, 'देवाने आपल्याला सगळं दिलंय, याची जाणीव ठेवा' असं आपल्या मुलांना सांगितलं. माझ्या पंचेचाळीस मुली समोर बसून ते ऐकत होत्या. मग केळी, बिस्किटं आणि वह्यांचं वाटप झालं. वाटताना एक सहावीतली मुलगी आमच्या सातवीतल्या मुलीसमोर थांबली आणि तिने हळूच विचारलं, "तुला स्वप्नं पडतात का गं?"

लगेच बाईंचा आवाज आला, "असं विचारायचं नसतं, चल पुढे." ती गेली.

त्या दिवशी झालेल्या सगळ्या बोलण्यात हा एकच प्रश्न खरा होता. रात्री जेवणानंतर आमची मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, मला सांगायचं होतं तिला. माझ्या स्वप्नात आजीच्या बांगड्या वाजतात. आणि चुलीचा वास येतो. तिला येतो का ते पण मला विचारायचं होतं." दीड तासाच्या त्या कार्यक्रमात दोन मुलींना एकमेकींशी बोलायला अर्धं मिनिटसुद्धा मिळालं नाही.

आता वह्यांचं. त्या रेघांच्या वह्या होत्या, दोनशेपानी, चांगल्या कागदाच्या. आमच्या मुली ब्रेलमध्ये लिहितात. त्याला जाड कागद लागतो, कारण अक्षर उमटवायचं नसतं, टोचायचं असतं. साध्या वहीच्या कागदावर ते टिंब टिकत नाही, बोट फिरवलं की बसतं. दर वर्षी अशा वह्यांचे गठ्ठे येतात आणि आम्ही ते आसपासच्या शाळांना देऊन टाकतो. तुमच्या मुलांनी त्या वह्यांसाठी घरून पैसे आणलेले असतात, कुणी खाऊचे साठवलेले असतात, म्हणून मला ते जास्त लागतं. 'तुम्हाला काय लागतं' एवढं आधी फोन करून विचारलं असतं तरी त्याच पैशांत ब्रेल कागदाची रिमं आली असती.

तुमच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मुलांना संवेदनशील करावं असं वाटतं म्हणूनच तुम्ही त्यांना आमच्या दारात आणता. पण आमच्याकडे खाऊची टंचाई नाही. वाढदिवस, पुण्यतिथ्या, पितृपंधरवडा अशा दिवसांत कधीकधी एका दुपारी दोन घरांतून जेवण येतं. आमच्याकडे टंचाई आहे ती डोळ्यांची आणि हातांची. वाचून दाखवणारं कुणी नाही, परीक्षेत लिहिणारं कुणी नाही. आणि या दोन्ही गोष्टी तुमच्या आठवी-नववीच्या मुलांना उत्तम येतात.

परीक्षेत आमच्यासाठी लिहिणाऱ्याला सरकारी कागदात 'लेखनिक' म्हणतात. आम्ही सगळे 'रायटर' म्हणतो. जानेवारी उजाडला की राज्यभरातल्या अंध मुलांचं एकमेकांना फोनवर विचारणं एकच असतं, "तुला रायटर मिळाला?" लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणजे दहावीच्या मुलीला तुमच्याच शाळेतली आठवी-नववीतली मुलगी हवी. ती मिळवायची कशी, याची व्यवस्था मात्र कुठेच नाही. ओळखीपाळखीवर चालतं सगळं.

मी 1999 साली दहावीला बसले. परीक्षेला बारा दिवस राहिले तरी माझा रायटर ठरलेला नव्हता. दोन मुलींच्या घरून होकार येऊन नंतर नकार आला, 'तिचा स्वतःचा अभ्यास बुडेल' म्हणून. शेवटी वसतिगृहाच्या बाई गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत दळण घ्यायला गेल्या असताना तिथे आपली अडचण बोलल्या, आणि गिरणीवाल्यांची आठवीतली मुलगी म्हणाली, "मी येते." तिच्या शाळेने मात्र त्या दिवसांची तिची गैरहजेरी लावली. ती कशी लावली, का लावली हे आता उकरायचं नाही. पण तेरा वर्षांच्या मुलीला त्या वयात कुणी शाबासकीही दिली नाही, ही गोष्ट मी विसरलेले नाही.

सरावाला आम्हाला दोन संध्याकाळी मिळाल्या. मराठीच्या पेपरात निबंध सांगताना 'परिस्थिती' शब्द आला. ती थांबली. "ताई, यातल्या कुठल्या वेलांट्या पहिल्या आणि कुठल्या दुसऱ्या?"

मी म्हणाले, "आधीच्या दोन्ही दोन-चार, शेवटची तीन-पाच."

काही क्षण दोघी गप्प. मला वेलांटी कशी दिसते, ती डावीकडून काढतात की उजवीकडून, काहीच माहीत नव्हतं. ब्रेलच्या सहा टिंबांपैकी ऱ्हस्व इ म्हणजे दुसरं आणि चौथं टिंब, दीर्घ ई म्हणजे तिसरं आणि पाचवं. माझं शुद्धलेखन बोटांत होतं, तिचं डोळ्यांत. दोघींना आपापलं पक्कं येत होतं, पण एकीचं दुसरीला कळेल अशी बोलीच आमच्याकडे नव्हती. मग मी 'ऱ्हस्व-दीर्घ' म्हणाले, तर ते शब्द तिला वर्गात शिकवलेले होते पण ऐन वेळी तिचा गोंधळ उडाला. पर्यवेक्षक आले, काय कुजबुजताय म्हणून रागावले. त्या पेपरात किती वेलांट्या चुकल्या असतील देव जाणे. मला तिचा राग नव्हता, आजही नाही. आम्हाला दोन संध्याकाळींऐवजी दोन महिने मिळाले असते तर ती बोली आम्ही सहज तयार केली असती.

गणित घेणाऱ्या मुलींचं तर याहून अवघड. माझ्या एका विद्यार्थिनीने सरावाच्या वेळी सांगितलं, "एक्स अधिक पाच छेद दोन." रायटरने पाचाखाली दोन लिहिले. हिला अभिप्रेत होतं, एक्स अधिक पाच हे सगळं मिळून, त्याखाली दोन. उत्तर चुकलं, दोघी हिरमुसल्या. मग दोघींनी बसून स्वतःच नियम केला : 'कंस सुरू', 'कंस बंद' प्रत्येक वेळी म्हणायचंच, आणि पूर्ण पदाखाली छेद असेल तर 'सगळ्याला छेद' म्हणायचं. वर्गमूळ कुठे संपतं तेही बोलून सांगायचं. हे नियम कुठल्या परिपत्रकात नाहीत, दोन मुलींनी चार शनिवारांत घडवले. आणि त्या आठवीतल्या मुलीच्या गणिताच्या बाईंनी मला नंतर सांगितलं की तिच्या वहीतले कंसांचे घोळ तेव्हापासून थांबले.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण पालकसभेत तुम्हाला ते लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 17 मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक या सोयी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. केंद्राच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान 20 मिनिटं भरपाईचा वेळ ठरवून दिला. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, नव्यात ते 21 झाले. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची अट घालता येणार नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. हक्क रुंदावत गेला याचा मला आनंद आहे. सेरेब्रल पाल्सी असलेली, लेखन-अक्षमता असलेली मुलंही आता लेखनिक मागू शकतात. पण हक्क कागदावर वाढला की लेखनिक आपोआप जन्माला येत नाहीत. ते शाळांमधूनच यायचे आहेत, आणि तिथे आजही पिठाच्या गिरणीवरच भिस्त आहे.

म्हणून माझं मागणं असं : 3 डिसेंबरची भेट वहीतून खोडा आणि तिच्या जागी जुलै ते फेब्रुवारी दर शनिवारी एक तास लिहा. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकरापर्यंत सुटते. आठवी-नववीतली, स्वतःहून तयार असलेली दहा-बारा मुलं पुरेत. साठ नकोत. प्रत्येकाची एका अंध मुलीशी किंवा मुलाशी जोडी लावायची आणि ती वर्षभर मोडायची नाही. जोडी बदलली की पुन्हा नाव-गाव-आवडीपासून सुरुवात होते आणि आमच्या मुली त्याच त्या प्रश्नांची उत्तरं देऊन थकतात. जिथे गावात किंवा जवळपास अंधशाळा नाही तिथे फोन आहे. ठरलेल्या वेळी फोन लावायचा आणि वाचायचं.

वाचायचं काय? पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र, गोष्टीचं पुस्तक, चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरचा कागद, काहीही. कसं वाचायचं हे मात्र शिकवावं लागेल आणि ते शिकवायला मी स्वतः तुमच्या शाळेत यायला तयार आहे. काही गोष्टी इथेच सांगते. आल्यावर आधी आपलं नाव सांगायचं, 'ओळख बघू मी कोण' हा खेळ खेळायचा नाही. उठून जाताना 'जाते' म्हणायचं, नाहीतर आमची मुलगी रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. हात धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, ती धरेल. वाचताना भावना ओतून नाट्य करायचं नाही, स्पष्ट आणि एका लयीत वाचायचं. चित्र आलं की ओलांडून जायचं नाही. 'इथे एक चित्र आहे' म्हणणंही पुरेसं नाही. चित्रात काय आहे ते सांगायचं. तक्ता आला तर आधी रकाने किती आणि कशाचे ते सांगायचं, मग एकेक ओळ. नकाशा आला तर तिचं बोट धरून बाकावर फिरवायचं : ही कोकणपट्टी, हा सह्याद्री, इथून गोदावरी निघाली आणि पूर्वेला चालली. भूगोलात 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खाणारा तुमचा एखादा विद्यार्थी असा नकाशा सांगायला बसला की त्याचा भूगोल पक्का होतो, हे मी पाहिलं आहे. हो, 'पाहिलं' म्हणते मी. आमच्या समोर 'बघ', 'पाहा' हे शब्द टाळण्याची गरज नसते. आम्हीही ते सर्रास वापरतो.

'आता मोबाइल सगळं वाचतो की,' असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. वाचतो, आणि त्या सोयीने माझं आयुष्य बदललं. हे पत्रही मी तसंच लिहिते आहे. पण मराठीतल्या कितीतरी पीडीएफ फायली अजून जुन्या फॉन्टमधल्या आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. फोन त्या वाचू लागला की नुसता अक्षरांचा चुरा ऐकू येतो. आकृत्या, नकाशे, हाताने लिहिलेल्या नोट्स, फळ्याचे फोटो तो कसे वाचणार? शिवाय खेड्यातल्या मुलीकडे स्वतःचा फोन असतो कुठे? ब्रेल पुस्तकं हवीच, पण ती अवजड. आपलं एक पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये गेलं की त्याचे कित्येक खंड होतात, आणि ते वर्षाच्या सुरुवातीला हातात पडतातच असं नाही.

इथे तुमच्या मुलांचा आवाज कामाचा आहे. धडे वाचून रेकॉर्ड करा आणि पाठवा. 'कॉपीराइटचं काय' असा प्रश्न एका सरांनी मला विचारला होता, रास्त होता. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तक सुलभ रूपात आणायला मुभा आहे. फक्त ते विकून नफा करायचा नाही आणि ते आमच्यापुरतंच राहील याची काळजी घ्यायची. याच विषयावरच्या मराकेश कराराला 2014 मध्ये जगात सर्वांत आधी मंजुरी देणारा देश भारत होता. एवढा मोठा दरवाजा उघडलेला आहे. आठवीच्या वर्गाने रोज एक पान वाचलं तरी वर्षभरात एक भलंमोठं पुस्तक तयार होतं.

दुसरी गोष्ट, आणि ती मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. येणं एकाच बाजूने नको. दर महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या मुली तुमच्या शाळेत येतील आणि शिकवतील. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा डोळस मुलांची जी गडबड उडते ती मला फार आवडते. सहा टिंबांत सगळी बाराखडी बसते. पहिलं, तिसरं, चौथं म्हणजे म. तास संपेपर्यंत मुलं स्वतःचं नाव टोचतात आणि डोळे मिटून शेजाऱ्याचं नाव वाचायला धडपडतात. आमच्या मुली बुद्धिबळ खेळतात. पटावरची काळी घरं उचललेली असतात, सोंगट्या भोकांत रोवलेल्या. क्रिकेटचा चेंडू कडक प्लास्टिकचा, आत छर्रे, वाजत येतो, आणि तो खालून हाताने जमिनीलगत टाकायचा असतो. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी अंध मुलींना मल्लखांब शिकवला, त्या दोरीवरच्या कसरती करतात. तुमच्या कितीजणांना दोरीच्या मल्लखांबावर दोन पकडीसुद्धा जमतील? ज्या मुलीने आपल्याला काहीतरी शिकवलं, जिने आपल्याला पटावर हरवलं, तिच्याकडे कुणी कीव करून बघत नाही. भाषणाची मग गरज उरत नाही.

आमच्या राज्यात या शाळा जुन्या आहेत. मुंबईत 1900 साली ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली, 1902 मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली, पुण्याची अंधशाळा 1934 ची. त्या नसत्या तर माझ्यासारख्या मुली अंगणात बसून धान्य निवडत राहिल्या असत्या. त्यांचे उपकार मी मानते. पण वेगळ्या शाळेमुळे वेगळी भिंतही आली. मी सोळा वर्षांची होईपर्यंत माझी एकही डोळस मैत्रीण नव्हती. पहिली झाली ती गिरणीवाल्यांची मुलगी. आम्ही आजही भेटतो. रस्त्याने चालताना ती दुकानांच्या पाट्या वाचत चालते, मी न सांगता. 'गजानन स्टेशनरी, बंद आहे. पुढे नवीन झालंय काहीतरी, चपलांचं.' तिच्या नवऱ्याला वाटतं तिला स्वतःशी बोलायची सवय आहे. एकटी असली तरी वाचते म्हणे.

बसमध्ये मुलं बसवण्याआधी आपल्याच शाळेत एकदा बघून घ्या, हीही विनंती. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यातली सगळी मुलं विशेष शाळांत नाहीत, पुष्कळशी तुमच्या पटावर आहेत. पहिल्या बाकावर बसूनही फळा न दिसणारा कुणी असेल. जिना चढता येत नाही म्हणून प्रयोगशाळेत कधीच न गेलेली कुणी असेल. श्रवणयंत्र लावणारा मुलगा, ज्याला सर फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की काहीच कळत नाही. त्याच्या शेजारच्या मुलाने रोज आपली वही त्याच्यासमोर सरकवली तर ती स्वयंसेवा नाही का? शनिवारचा तास तिथून सुरू केला तरी चालेल.

कर्णबधिर मुलांबरोबर काम करायचं असेल तर भारतीय सांकेतिक भाषेचे धडे घेऊनच जा. ती पूर्ण भाषा आहे, हातवारे नव्हेत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर एकत्र खेळ सगळ्यांत छान जमतो. मला त्या क्षेत्रांचा अनुभव कमी, तिथली माणसं जास्त नेमकं सांगतील. त्यांना विचारा, मात्र आधी विचारा.

दोन गोष्टींची भीती वाटते, त्याही मोकळेपणाने सांगते. पहिली प्रमाणपत्राची. तासांचा हिशेब आणि गुण लावले की मुलं घड्याळ बघत वाचतात आणि तेवढे तास भरले की येणं बंद होतं. प्रमाणपत्र जरूर द्या, पण वर्ष पुरं झाल्यावर, आणि त्यावर जोडीतल्या दोघांचीही नावं असू द्या, कारण शिकणं दोघांचं झालेलं असतं. दुसरी भीती फोटोची. आमच्या मुलींना फोटो दिसत नाही, पण तो कुठे जातो ते त्यांना कळतं. 'जरा जवळ बसा, तिचा हात हातात घ्या' असं सांगून काढलेला फोटो शाळेच्या फलकावर लागतो आणि खाली 'अंध भगिनींच्या चेहऱ्यावर हास्य फुलवले' असं लिहिलेलं असतं. तो विचारल्याशिवाय काढू नका. नाही म्हणाली तर नाही.

तुमच्यावर कामांचा डोंगर आहे याची मला कल्पना आहे. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, प्रशिक्षणं. मीही शिक्षिका आहे, आमच्याकडेही हेच. म्हणून नवा विभाग उघडा असं मी म्हणत नाही. स्काउट-गाइड, हरितसेना, कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर 1969 पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना, यांतलं जे तुमच्याकडे आहे त्यातच हा तास बसतो. एक उत्साही शिक्षक किंवा शिक्षिका नेमून द्या आणि त्या व्यक्तीचा शनिवारचा दुसरा कुठला भार कमी करा. पालकांना जुलैच्या सभेतच बोलावून सगळं समजावून सांगा. 'अभ्यास बुडेल' ही त्यांची काळजी खोटी नाही. आठवी-नववीची वार्षिक परीक्षा आणि बोर्डाची परीक्षा पाठोपाठ येतात. पण ज्या मुलाने आठ महिने दर आठवड्याला मोठ्याने वाचलंय, दुसऱ्याचं उत्तर ऐकून ते जसंच्या तसं लिहिलंय, त्याचा अभ्यास बुडत नाही. पालकांना हे तुम्ही सांगितलं तर पटेल. आम्ही सांगितलं की ते आमची गरज म्हणून ऐकतात.

आणि डिसेंबरअखेर एक यादी तयार ठेवा. आपल्या शाळेतून लेखनिक म्हणून जायला तयार असलेली मुलं, इयत्ता, पालकांची संमती, आणि प्रत्येक तीन मुलांमागे एक राखीव, कारण मार्चमध्ये ताप येतोच. ही यादी जवळच्या अंधशाळेला आणि परीक्षा केंद्र असलेल्या शाळेला द्या. लेखनिकाच्या फॉर्मवर फोटो, सही, शिक्का लागतो. ते आदल्या दिवशी धावपळीत नको. ज्या दिवशी ती मुलं पेपर लिहायला जातील त्या दिवशी त्यांची हजेरी लावा. परीक्षागृहात भरारी पथक येतं, संशयाने विचारतं, 'ही सांगतेय का तूच लिहितेयस?' तेव्हा तेरा-चौदा वर्षांची मुलं घाबरतात. त्यांना आधीच समजावलेलं असलं पाहिजे की आपलं काम काय : समोरची जे बोलेल ते लिहायचं, आपल्या मनाचं घालायचं नाही, तिचं काही गाळायचं नाही, चुकतंय असं वाटलं तरी दुरुस्त करायचं नाही. हे शेवटचं फार कठीण असतं. माझी रायटर इतिहासाच्या पेपरात एका सनाशी थांबली होती, तिला ते चुकीचं वाटत होतं. तिने एकदा श्वास घेतला आणि मी सांगितलं तेच लिहिलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, ते चुकलं बहुतेक." चुकलंच होतं. पण तो पेपर माझा होता, माझ्या चुकीसकट माझा. एवढ्याशा मुलीने ते जपलं.

आमच्या दहावीत यंदा अकरा मुली आहेत. त्यातल्या सातजणींना अजून रायटर नाही. आमच्या परिसरातल्या शाळांना मी या आठवड्यात एकेक करून फोन करणार आहे; बाकीच्यांनी आपापल्या जिल्ह्यातल्या अंधशाळेला करावा, त्या वाट बघत असतील. आमच्याकडून पहिल्या शनिवारी ब्रेल शिकवायला दोन मुली आणि मी येऊ. पाट्या आणि जाड कागद आम्ही आणतो. तुम्ही फक्त खाली, तळमजल्यावर एक वर्ग रिकामा ठेवा आणि त्या तासाला शिपायांना घंटा जरा हळू द्यायला सांगा, कारण आम्ही कानांनी काम करतो.

जुलैतला कुठला शनिवार सोयीचा, ते कळवावं.

आपली,
अंध मुलींच्या शाळेतील एक शिक्षिका